माझ्या मनगटाविषयी

३ एप्रिल

वेल्डन,

क्लबच्या महिन्याच्या पत्रकात तू छापलं आहेस की, जे सभासद कमरेला पिस्तूल बाळगतात त्यांनी आपल्या पिस्तुलाबद्दल मत लिहून पाठवावं. किती गोळ्या झाडल्या, किती वेळा अडकलं, हातात कसं बसतं. भीड ठेवू नये, असंही लिहिलं आहेस. वाचून मला हसू आलं. मी भीड ठेवली असती तर ऑक्टोबरपासून आजपर्यंत तुझ्याशी एखादा शब्द तरी बोलले असते.

तर हे घे माझं मत. पत्रकात छापणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण वाचशील नक्की. लहानपणापासून माझं पत्र न वाचता टाकायची तुझी हिंमत नाही.

पिस्तूल छोटं, काळं, एका मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुझ्या दुकानातून घेतलं, नवंकोरं, डबा तूच माझ्यासमोर फोडलास. वजन म्हणशील तर घेवड्याच्या भरल्या डब्याएवढं. कमरेला तासभर खटकतं, मग विसरायला होतं. मूठ आखूड आहे, त्यामुळे करंगळीला जागाच नाही, ती खाली लोंबकळत राहते. चाप जरा लांबून येतो, पण एकसारखा येतो. धक्का सणसणीत. मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, धक्क्याचं मला काही वाटत नाही.

मला जड गेली ती स्लाइड. पहिली गोळी नळीत भरायला ती मागे खेचावी लागते, आणि माझ्या अंगठ्याचा सांधा बसच्या स्टिअरिंगने कधीच खाऊन टाकलेला. पहिल्या दिवशी पन्नास गोळ्या झाडल्या. एकदाही अडकलं नाही. पण संध्याकाळी अंगठा सुजून भोपळा झाला आणि मी तुझ्या मेव्हण्याला, हॉलिसला म्हटलं, हे मेलं परत देऊन टाकते. हॉलिस म्हणाला, थोडा दम धर, नवी चीज आहे, रुळेल. त्यानेच बर्फ लावला.

आणि रुळलीही. मार्चमध्ये दुसऱ्यांदा तुझ्याकडे आले तेव्हा स्लाइड बरीच हलकी लागत होती. मी खूश. पण त्या दिवशी पन्नासात दोनदा अडकलं. गोळी सुटते, स्लाइड मागे जाते, पुढे येताना बोटभर आधीच थांबते. तू माझ्या पाठीशी उभा होतास. म्हणालास, "नेल्डा, मनगट ढिलं सोडतेस." एप्रिलमध्ये चारदा. मनगट. जुलैत पाचदा. मनगट. तू मला टेनिसचा बॉल दिलास, दाबत बस म्हणालास. मी चर्चमध्येसुद्धा तो बॉल दाबत बसायचे. शेजारची बर्निस विचारायची, बाई, एवढा कसला राग आलाय?

सप्टेंबरअखेर हिशेब असा: दोनशे चाळीस गोळ्या, अकरा वेळा अडकलं. सगळं वहीत तारखेनिशी आहे. वही ठेवायची सवय तूच लावलीस. जे पिस्तूल दोनशे गोळ्या न अडकता झाडत नाही ते कमरेला लावू नये, हे तूच वर्गात शिकवतोस. मग माझ्या बाबतीत तो नियम कुठे गेला? नियम पिस्तुलाला, आणि माझ्या मनगटाला फक्त उपदेश.

हे झालं मत. बारा ऑक्टोबरचं मी लिहीत नाही. ते तू दर शनिवारी वर्गात सांगतोसच.

नेल्डा


२१ एप्रिल

वेल्डन,

तुझं उत्तर आलं नाही. फोन मात्र आला, तोही हॉलिसला. तो फोन घेऊन अंगणात गेला आणि शेळ्यांच्या गोठ्यापाशी उभा राहून वीस मिनिटं बोलला. आत आल्यावर विचारलं, काय म्हणतो? म्हणे हवापाणी. तुम्ही दोघं हवापाण्यावर वीस मिनिटं कधी बोललात रे?

तुझ्या वर्गाची गोष्ट मला बर्निसकडूनच कळली. तिची सून नाव घालून आली. सोळा बायका होत्या, आणि तू कॉफीचा कप हातात घेऊन त्यांना सांगितलंस: माझ्या सख्ख्या बहिणीची गोष्ट आहे, पिस्तूल उत्तम होतं, मनगट ढिलं पडलं, आणि तिच्या नवऱ्याच्या हाताची दोन बोटं गेली. म्हणून बायांनो, मनगट.

सून म्हणाली, सगळ्याजणी चुकचुकल्या.

मग बारा ऑक्टोबरचं मीही लिहितेच. तू तिथे नव्हतास, वेल्डन. मी होते. दुपारचे तीन वाजले होते. पाच भटकी कुत्री कुंपणाखालून शिरली आणि एका शेळीला त्यांनी पाडलं. हॉलिस फावडं घेऊन धावला. मी मागून. पहिली गोळी मी पिवळ्या कुत्र्यावर झाडली, ते कोलमडलं. दुसरी झाडायला चाप ओढला तर काही नाही. स्लाइड बोटभर उघडी. तू शिकवलंस तसं तळव्याने मारलं, खेचलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तोवर काळ्या कुत्र्याच्या तोंडात हॉलिसचा उजवा हात होता आणि ते मान हलवत होतं. मी पिस्तुलाची मूठ त्याच्या डोक्यात घातली. शेवटी बर्निसचा नवरा हॉर्न वाजवत गाडी थेट गोठ्यात घेऊन आला, तेव्हा कुत्री पळाली.

चाळीस वर्षं त्या हाताने व्हायोलिनचा गज धरला होता. या तालुक्यात त्याच्या वाजवण्यावर लग्नात नाचला नाही असा माणूस नाही. तूसुद्धा नाचला आहेस.

हॉस्पिटलात तू आलास. आधी हॉलिसपाशी गेलास. मग बाहेर येऊन माझ्याकडे पिस्तूल मागितलंस, तपासतो म्हणालास. जानेवारीत परत पाठवलंस, सोबत चिठ्ठी: साफ केलं, काही दोष नाही, मनगटाकडे बघ.

मी तुझ्यावर विश्वास ठेवला, हे तुला सांगायचं आहे. चार महिने ठेवला. रोज सकाळी हॉलिसच्या शर्टाची बटणं लावताना मनात एकच वाक्य: हे तुझ्या मनगटाने केलं. तो मान वर करून छताकडे बघत उभा राहायचा. एकदाही म्हणाला नाही की, नेल्डा, तुझा दोष नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, कसा म्हणेल?

मग फेब्रुवारीत मी तळ्यामागच्या बांधावर गेले. म्हटलं, बघू तरी हे मनगट किती वाईट आहे. शंभर गोळ्या. एकदाही अडकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात शंभर, डाव्या हाताने. नाही. मग मुद्दाम मनगट मऊ सोडून, अगदी ओल्या फडक्यासारखं. नाही. मग नुसत्या अंगठ्यात आणि दोन बोटांत चिमटीने धरून. पिस्तूल उडून माझ्या कपाळावर आदळलं, टेंगूळ आलं, पण स्लाइड नीट बंद झाली होती. आजपर्यंत सहाशे दहा गोळ्या. अडकणं शून्य. आणि स्लाइड पुन्हा पहिल्या दिवसासारखी जड. बर्फाची पिशवी पुन्हा फ्रीजमध्ये.

मनगट तेच, वेल्डन. गोळ्यासुद्धा त्याच पेटीतल्या. बदललं काय ते सांग. हॉस्पिटलातून जानेवारीपर्यंत पिस्तूल तुझ्या टेबलावर होतं. आत काहीतरी मोडलेलं होतं, तू ते बघितलंस, गुपचूप बदललंस, आणि खापर माझ्यावर फोडलंस, कारण खराब पिस्तूल विकलं म्हटलं तर दुकानाचं नाव जातं. बहिणीचं गेलं तरी चालतं.

मे महिन्याच्या सामन्याला मी येणार आहे. वही घेऊन.

नेल्डा


१२ मे

वेल्डन,

कशी झोप लागली रे काल?

मला छान लागली. सकाळी उठून दोन अंडी, बेकन आणि गरम पावावर पांढरी ग्रेव्ही, सगळं खाल्लं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा अन्नाला चव आली. हॉलिसने काही खाल्लं नाही. म्हणाला, पोट बरं नाही.

मी पुन्हा पुन्हा तो प्रसंग आठवते आहे, म्हणून तुलाही आठवण करून देते. चाळीसेक माणसं. टेबलावर बटाट्याची सॅलड, केक, भाजलेलं डुकराचं मांस, बायका झाकणं उघडत होत्या. तू माइकवर नावं पुकारत होतास आणि मला बघून तुझा आवाज बसला. बसलाच, मी नीट ऐकलं. मी नाव घातलेलं नव्हतं. मी सरळ रेषेवर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला पन्नास गोळ्या झाडायच्या आहेत, वेल्डनच्या वर्गातल्या बायकांनी जरा पुढे या.

तुला थांबवता आलं असतं. नाही थांबवलंस. बरं केलंस.

पन्नास गोळ्या, सगळ्या ढिल्या मनगटाने. हात असा लोंबत ठेवून की, म्हाताऱ्या डर्लने मागून विचारलं, बाईंना चक्कर येतेय का? लोखंडी पाट्यांवर किती लागल्या ते सोड, निम्म्याच लागल्या. पण अडकलं नाही. पन्नासावी झाली, स्लाइड उघडी थांबली, रिकामी, जशी थांबायला हवी. मग मी वही उघडली आणि मोठ्याने वाचली. तारखा, गोळ्या, अडकणं. आधीचं आणि नंतरचं. कुणी केक खात नव्हतं.

आणि मग मी विचारलं. सगळ्यांसमोर, शांतपणे. मला वाटलं होतं मी ओरडेन, पण ओरडले नाही.

"वेल्डन, जानेवारीत तू आत काय बदललंस?"

तू खाली बघितलंस. मग म्हणालास, "स्प्रिंग."

"का?"

"कापलेली होती. तीन वेढे कमी होते."

स्प्रिंग कापली की स्लाइड हलकी होते, आणि पुढे पूर्ण बंद होण्याइतका जोर तिच्यात उरत नाही, हे तिथे जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. डर्लने टोपी काढली. मी विचारलं, कुणी कापली?

तू माइक टेबलावर ठेवलास. मग वर बघितलंस, माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी, आणि म्हणालास, "मी."

एकच शब्द. सोळा बायकांना सांगितलेली गोष्ट एका शब्दात खलास.

बर्निस सांगते, काल संध्याकाळपर्यंत सहा जणांनी तुझ्याकडे दिलेल्या बंदुका परत नेल्या. डर्ल तर म्हणाला की, ज्याने सख्ख्या बहिणीच्या पिस्तुलात कात्री चालवली आणि वर तिलाच बोल लावला त्याला मी माझ्या दाराची कडीसुद्धा दुरुस्त करायला देणार नाही. शनिवारच्या वर्गाला दोनच नावं उरली आहेत म्हणे. ऐकून मला वाईट वाटावं अशी अपेक्षा असेल तर सोड. मी बर्निसला म्हटलं, पुन्हा सांग, पहिल्यापासून.

आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि मी अकरा. तुझे केस मी कापले, डबे मी भरले, त्या मास्तरीणबाईंशी तुझ्यासाठी मी भांडले. त्याच मनगटांनी. ती मनगटं तू कॉफी पीत चौकात टांगलीस. आता बघ कसं वाटतं.

हॉलिस घरी येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, आनंदाने त्याला बोलवत नसेल.

नेल्डा


१७ मे

वेल्डन,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहिते आहे, आणि माझी माफीची भाषा नाही हे आधीच सांगते.

परवा दुपारी मी वही पुन्हा वाचत बसले होते. खरं सांगायचं तर चवीने वाचत होते, माणूस जिंकलेल्या पत्त्यांचा डाव पुन्हा मांडतो तसं. पहिलं पान: पन्नास गोळ्या, अडकणं शून्य, स्लाइड दगड. दुसरं पान, नऊ मार्च: स्लाइड हलकी झाली, हॉलिस म्हणतो तसं रुळलं. अडकणं दोन.

आणि माझं बोट तिथेच थांबलं.

पहिल्या दिवशी स्प्रिंग धड होती. दुसऱ्या दिवशी कापलेली होती. मधल्या तीन आठवड्यांत ते पिस्तूल तुझ्या दुकानात गेलंच नव्हतं. ते माझ्या स्वयंपाकघरात होतं, पिठाच्या डब्यामागच्या खणात. ते तू कापणं शक्यच नाही.

घरात दोनच माणसं आहेत. मी नाही कापली.

हॉलिस गोठ्यात होता, डाव्या हाताने चारा टाकत. मी वही त्याच्यापुढे धरली आणि नऊ मार्चवर बोट ठेवलं. काही विचारलं नाही. त्याने टोपली खाली ठेवली आणि शेळीच्या पाठीवर हात टेकवून उभा राहिला.

"तुझा अंगठा सुजायचा," म्हणाला. "तू ते परत देणार होतीस. मला वाटलं, जरा हलकं केलं तर ठेवशील."

ते त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलं. मी चर्चच्या केक विक्रीला गेले होते, तेव्हा. कुंपणाची तार कापायच्या पकडीने. दर वसंतात फाटकाची स्प्रिंग तो तशीच छाटतो. इथला प्रत्येक पुरुष असाच आहे, कुठल्याही वस्तूच्या आत काय आहे ते दिसलं की, त्याला वाटतं ते आपल्याला येतं. पन्नास जणांनी घरच्या टेबलावर असलं केलं असेल, आणि निम्म्यांच्या बायकांना मनगटाचे उपदेश मिळत असतील.

मी विचारलं, मी दर वेळी घरी येऊन सांगितलं की, अडकलं, तेव्हा तुला कळलं नाही? म्हणाला, तेव्हा वाटलं वेल्डनला जास्त कळतं, तो मनगट म्हणतोय तर मनगटच असेल. आणि बारा ऑक्टोबरनंतर? त्याने टोपली पुन्हा उचलली. मी पुन्हा विचारलं. म्हणाला, हॉस्पिटलात शुद्ध आली तेव्हाच कळलं. तुला त्यानेच आधी सांगितलं, आणि सांगू नको म्हणून तुझ्यापाशी रडला.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

शनिवारी माझ्या खांद्यावरून मागे बघत होतास. मागे हॉलिस उभा होता, हे मला आज कळतंय. चाळीस माणसांसमोर तू स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलंस आणि त्याचं नाव घेतलं नाहीस. बर्निसला कळलं तर ती म्हणेल, केवढा मोठा भाऊ. मी तसं म्हणणार नाही, वेल्डन.

ते एक "मी" तुला आता सुचलं. ऑक्टोबरात का नाही सुचलं? तेव्हाही एखादं खोटं बोलायचंच होतं ना? बोलायचं होतंस की, स्प्रिंग कारखान्यातूनच वाईट आली. कारखाना काही रोज सकाळी हॉलिसची बटणं लावत नाही. पण तुला हाताशी सापडलं ते माझं मनगट.

लिही. या वेळी हॉलिसला फोन करू नकोस. मला लिही.

नेल्डा


२५ मे

वेल्डन,

तुझं पत्र मिळालं. आठ ओळींचं. तुझ्या हिशेबाने ती पोथीच.

तू लिहितोस, "नेल्डा, मला वाटलं, तुझं मनगट ढिलं पडलं असं कळलं तर लोक तुझी कीव करतील आणि विसरतील. पण स्वतःच्या हाताने स्वतःची बोटं घालवली हे हॉलिसला लोकांसमोर सहन झालं नसतं. तू त्याच्यापेक्षा घट्ट आहेस. तू सहन करशील, हे मला ठाऊक होतं."

हे वाचून मी बाहेर गेले आणि बराच वेळ तळ्याकाठी बसले. तू खरंच चांगल्या मनाने केलंस, हे मला कळतं. म्हणून तर संताप जास्त येतो. दुष्टपणाने केलं असतंस तर एका शनिवारी फिटलं असतं.

मी घट्ट आहे म्हणून माझ्यावर टाकलंत. दोघांनी मिळून. त्याने रडायचं, तू त्याचे डोळे पुसायचे आणि मी बॉल दाबत बसायचं. आणि सहन केलं म्हणजे लागलं नाही असं नाही, वेल्डन. फेब्रुवारीत मी त्या बांधावर पिस्तूल घेऊन गेले ते फक्त गोळ्या मोजायला गेले, असं तुला वाटतं का? पहिल्या दिवशी मी तिथे तासभर बसले होते. काय विचार करत होते ते मी हॉलिसला सांगितलेलं नाही आणि तुलाही सांगणार नाही. मग वाटलं, आधी मनगट तरी तपासून बघू.

आता ऐक. दुकानाचं तुझं जे झालं ते मी भरून देणार नाही. डर्लपाशी जाऊन, बिचारा वेल्डन, असं म्हणणार नाही. पण खोट्यावर सूड घ्यायचा नाही मला. तो अर्धाच लागतो. मला खरं हवं आहे, आणि ते जिथे तू माझं नाव घालवलंस तिथेच, त्याच बायकांसमोर.

काल दुपारी मी हॉलिसला टेबलापाशी बसवलं. त्याच टेबलापाशी. कागद आणि पेन पुढे ठेवलं आणि म्हटलं, लिही. म्हणाला, तू लिही, मी खाली सही करतो. मी म्हटलं, नाही. ज्या हाताने कापली त्याच हाताने लिही.

अंगठा वळत नाही, मधे दोन बोटं नाहीत. पेन तीनदा पडलं. मी उचलून दिलं नाही. तो खाली वाकून शोधायचा, मी समोर बसून बघत होते. सहा ओळींना एक तास दहा मिनिटं लागली. मला दया आली नाही असं म्हणत नाही. आली. तरी उठले नाही.

कागद या पत्रासोबत आहे. अक्षर कोंबडीने पाय फिरवल्यासारखं आहे, म्हणून खाली पुन्हा उतरवून देते, म्हणजे वाचता आलं नाही ही सबब तुला उरायला नको:

"नेल्डाच्या पिस्तुलाची स्प्रिंग मी कापली. घरी, पकडीने, मार्चमध्ये. तिला सांगितलं नाही. कुत्र्यांच्या दिवशी ते त्यामुळे अडकलं. तिचं मनगट पक्कं होतं. वेल्डनने कापली नाही, तो माझ्यासाठी खोटं बोलला. त्याने वर्गात तिचा दोष सांगितला ते मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. हॉलिस."

पुढच्या शनिवारी हे तू वर्गात वाचायचं. त्या सोळाही जणींना बोलावून आण, दोघी असतील तर बाकीच्यांच्या दारात जा. कॉफीचा कप हातात न घेता, उभा राहून वाचायचं. मी पुढच्या रांगेत बसेन. हॉलिस माझ्या शेजारी बसेल, त्याला मी आणते. तुझ्या दुकानाला यातून काही मिळालं तर मिळू दे, ते माझ्या हातात नाही.

एक गोष्ट राहिली. सही झाल्यावर हॉलिसने कागद पुन्हा पुढे ओढला. म्हणाला, अजून एक ओळ लिहायची आहे, माफीची. मी कागद काढून घेतला. म्हटलं, ती वर्गातल्या बायकांसाठी नाही. ती मला सांग, तोंडाने, आत्ता.

मी समोरच बसले होते, हाताच्या अंतरावर. त्याने पेनाचं टोपण शोधलं, दातांनी लावलं, आणि शेळ्यांना पाणी घालायचं राहिलंय म्हणून उठून गेला.

नेल्डा